उरलेल्या उन्हाचं करायचं काय?

दुधाची पिशवी रिकामी झाली की तिच्यात घोटभर पाणी घालून, विसळून तेही पातेल्यात ओतणाऱ्या घरात सोलरची बॅटरी सकाळी अकरालाच भरावी, ही काही लहानसहान आपत्ती नव्हे.

नेरूळच्या आमच्या रो-हाउसला स्वतःची गच्ची आहे. नवी मुंबईत ही चैनच. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी घराघराला आपापलं अंगण दिलं, पण नंतरचं शहर टॉवरांत चढलं आणि एकेका गच्चीखाली अख्खं गाव नांदू लागलं. तर, आमच्या गच्चीवरच्या पॅनेलांचा महावितरणच्या तारेशी संबंध नाही. "अहो, जोडून टाका, ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे," असं शेजारी सांगतात. खरं आहे. जादा वीज तारेत जाते, बिलातून वजा होते. पण तारेतली वीज गेली की अशी साधी पॅनेलंही गप्प होतात, कारण खांबावर चढलेल्या माणसाला खालून शॉक बसता कामा नये. आम्हाला नेमका तेव्हाच पंखा हवा असतो. म्हणून बॅटरी.

आणि बॅटरी भरली की कंट्रोलर पॅनेलांना 'पुरे' म्हणतो. १०० टक्क्यांचा आकडा दिसला की आई अस्वस्थ होते. "अरे, ऊन वाया चाललंय!" उन्हाचे पैसे कुणी मोजलेले नाहीत, हा युक्तिवाद तिच्यापुढे टिकत नाही.

मग पाणी तापवायचं ठरलं. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ४ युनिटं लागतात. आंघोळीची बादली अर्ध्या युनिटात भागते. कोकणातल्या आमच्या घरी तांब्याच्या बंबात करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या जायच्या. तेही उरलेलंच इंधन होतं, फक्त त्याला कुणी ऑफ-ग्रिड म्हणत नव्हतं.

पॅनेलची तार सरळ गीझरला जोडायला आमच्या वायरमनने साफ नकार दिला. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून थर्मोस्टॅट उघडताना उडालेली ठिणगी तिथल्या तिथे विझते. पॅनेलची वीज मध्ये श्वासच घेत नाही. ठिणगी जळत राहते, पत्ती चिकटते आणि गीझर बंद व्हायचं विसरतो. शिवाय साध्या कॉइलचं गणितही विचित्र आहे: ऊन निम्मं झालं की करंट निम्मा आणि उष्णता जेमतेम पाव. ढग अर्धं ऊन खातो, गीझर पाऊण आंघोळ. शेवटी वायरमनने बॅटरी भरल्यावरच गीझर सुरू करणारी रिले बसवली, वीज इन्व्हर्टरमधून घेतली आणि कॉइल ५०० वॅटचं टाकलं.

यंत्रणा उत्तम चालते. तक्रार असलीच तर ऋतूंबद्दल आहे. जुलैत पारसिकच्या डोंगरावर ढग बसतात, दोरीवरचे कपडे ओलेच राहतात, तेव्हा कढत पाण्याची खरी गरज आणि शिल्लक शून्य. दिवाळीत मात्र आभाळ लख्ख असतं. दुपारी साठवलेलं ऊन पहाटे अभ्यंगाला अंगावर घेता येतं. मे महिन्यात तर ऐश्वर्यच! फक्त तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आपणहून चटके देतं. गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी, नळालाही गरम, मग विसण घालायला गार पाणी आणायचं कुठून? बायको म्हणाली, "आता माठातलं घाला."

या श्रीमंतीची वारस शेवटी भांडी घासणाऱ्या मावशी ठरल्या. तळणीची कढई, तुपाचं पातेलं गरम पाण्याखाली धरलं की फार घासावं लागत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा हेरलं. पूर्वी त्या दहाला यायच्या. आता बॅटरी भरून पाणी तापेपर्यंत थांबतात आणि दीडला येतात. तोवर सगळी भांडी पडलेली हवीत, अशी त्यांची अट आहे. त्यामुळे आमच्याकडे जेवणं आता एकच्या आत उरकावी लागतात.