दोन चमच्यांचा पराक्रम

अहो, ऐकलंत का? अशा जवळ या, कुंपणाशी. वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालतायत, आवाज जातो तिकडे. त्यांच्या धाकट्याचा रिपोर्ट आला! कसला म्हणून काय विचारता... पुरुषांच्या हार्मोनचा हो, टेस्टोस्टेरॉनचा. आणि कमी आलाय. दंड बघा त्याचे, आणि रिपोर्ट बघा!

चैत्राच्या हळदीकुंकवाला तुम्ही नव्हतात, मोठी गंमत चुकवलीत. तो जिममधून आला, स्वयंपाकघरात शेकर खुळखुळवायला लागला. वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "नुसतं प्रोटीन घेतो हो आमचा, दुसरं काही नाही." आमची भाची तिथेच डाळ वाढत होती. ती बी.फार्म करतेय, तिला गप्प बसवतं कोण? डबा उचलला, मागचं बारीक अक्षर वाचलं न् म्हणाली, "मामी, हे प्रोटीन कुठलं? हे डी-अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड. टेस्टोस्टेरॉन वाढावं म्हणून घेतात." पलीकडच्या काकूंचा पन्ह्याचा पेला ओठाशी तसाच राहिला! न् वर विचारतात काय, "अगं, पण त्याचं तर स्थळ बघताहेत ना?" वहिनींचा चेहरा असा उतरला... ओटीचे गहू निम्मे खाली सांडले.

तर काय सांगत होते... हां, तो डबा. आता नेपल्सकडच्या संशोधकांचं ऐका. 2009 साली त्यांनी 23 पुरुषांना हे अमिनो अ‍ॅसिड रोज साधारण 3 ग्रॅम दिलं. 12 दिवसांत मेंदूकडून सुटणारं एलएच हार्मोन 33 टक्के वर, आणि त्याच्या हुकमानं वृषणात तयार होणारं टेस्टोस्टेरॉन 42 टक्के वर. झालं! तेव्हापासून प्रत्येक डब्यावर तेच 42. हे द्रव्य आधी ऑक्टोपसच्या मेंदूत सापडलेलं म्हणे. हे ऐकून वहिनींच्या सासूबाई जपमाळ घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. डब्यातलं कारखान्यातच बनतं, ऑक्टोपस नसतो त्यात, असं भाची घसा फोडून सांगत होती. पण सोवळ्यातल्या बाईला कोण पटवणार?

मुलगा काही कमी नाही हं. मोबाइल पुढे करून म्हणतो, "ताई, प्रूफ आहे!" तर ही म्हणते, "दादा, पुढचं वाच की. तिथे वजनं उचलणारे कुठे होते?" टेक्सासच्या बेलर विद्यापीठात 2013 साली वजनं उचलणाऱ्या पुरुषांना हेच 3 ग्रॅम 28 दिवस दिलं. टेस्टोस्टेरॉन जिथल्या तिथे! उलट या अमिनो अ‍ॅसिडला मोडणारं एन्झाइमच रक्तात वाढलं. घरचं शहाणं असतं हो शरीर, आगंतुकाला फार दिवस ठेवून घेत नाही.

आणि खरी मेख पुढेच. तिनं सहज विचारलं, "किती घेतोस रे?" हा छाती काढून म्हणाला, "दोन स्कूप. सहा ग्रॅम." अहो, ऑस्ट्रेलियात 2015 साली नेमकं हेच करून बघितलं ना! कसरत करणाऱ्यांना 3 ग्रॅमनं काहीच झालं नाही, आणि 6 ग्रॅमवाल्यांचं दोन आठवड्यांत साडेबारा टक्क्यांनी उतरलं. वाढवायला गेला न्... मला मेलं हसू आवरेना, पदर तोंडाशी धरला.

डॉक्टर मात्र वेगळंच म्हणाले हं. एका रिपोर्टवरून काही ठरत नाही. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दिवसभर उतरत जातं, आणि या शहाण्यानं रक्त दिलं होतं संध्याकाळी, जिम करून! आता डबा बंद करून सकाळी उपाशीपोटी पुन्हा द्यायचंय. वर विचारलं, "झोपतोस किती?" वहिनी बसल्याच होत्या टपून, "दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल, डॉक्टर!" शिकागोला 2011 साली तरण्याताठ्या पोरांना आठवडाभर पाच-पाच तासच झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घसरलं. डॉक्टरांनी हे सांगितलं तशी वहिनींची मान जी ताठ झाली, ती घरी येईपर्यंत खाली नाही. येताना रिक्षात त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत म्हणे.

दुकानदार फोडलेला डबा परत घेतो थोडाच? पाऊण भरलेला, माळ्यावर चढवलाय.

आणि हे कुणाला सांगू नका हं... काल रात्री वहिनींचे मिस्टर आमच्या ह्यांना इथेच कुंपणाशी गाठून हळूच विचारत होते, "भाऊसाहेब, साठीनंतर अर्धा चमचा चालत असेल का हो?" मी खिडकीशी कान लावून उभी. आमचे हे घसा खाकरले, "त्याचं काय आहे..." म्हणाले, आणि नेमकी मेल्या कुकरनं शिट्टी दिली!