एक सही हवी होती

आमच्या बापूकाकांनी मृत्युपत्र केलं आहे, हे साऱ्या कुळाला ठाऊक आहे. त्यात काय लिहिलंय ते कुणालाच ठाऊक नाही, आणि काकांना दुपारचा चहा वेळेवर, आलं घालून मिळतो तो त्याच बळावर.

इस्टेट म्हणाल तर पेठेतला दोन खोल्यांचा फ्लॅट, गावाकडे सातबाऱ्यावर डझनभर नावांच्या गर्दीत उभी असलेली थोडी जमीन, पोस्टातली बचत आणि एक बंद पडलेली स्कूटर. काकू गेल्या, मूलबाळ नाही. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वारसांची जी रांग लावली आहे, तिच्यात आम्ही पुतणे-भाचे बरेच मागे. पुढे काकांच्या दोन बहिणी उभ्या, आणि दोघीही अजून देवळाच्या पायऱ्या न थांबता चढतात. तेव्हा आमची सगळी भिस्त त्या कागदावर.

आणि कागद तरी काय स्वस्त! मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या कागदावर हातानं लिहिलं तरी चालतं. सही करायची, दोन साक्षीदार घ्यायचे. मन बदललं की नवं करायचं; शेवटचं तेवढं खरं. काकांचं मन फार पटकन बदलतं. आमच्यातल्या विनूनं दिवाळीत फोन केला नाही, तेव्हा काका दोन दिवस चष्मा पुसत नुसते कपाटाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी विनू सहकुटुंब हजर.

शेजारच्या जोशांनी उलटं केलं. मुलाच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं. मुलाला द्यायचं तर मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये, म्हणून. आता सकाळचा पेपर मुलाचा वाचून झाला की जोशांकडे येतो, शब्दकोडं सोडवलेला. दिलेलं बक्षीस सहजासहजी परत मागता येत नाही. काका जोशांचं उदाहरण आम्हाला ऐकवतात, पण बघतात कपाटाकडे.

विनू मध्यंतरी निर्धास्त होता, कारण सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्याचं नाव आहे. डिसेंबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सच्या एका खटल्यात नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, असं सांगितलं. ते कात्रण काकांनी विनूलाच मोठ्यानं वाचायला लावलं.

त्यानंतर एप्रिल 2024मध्ये वारसा कराची आवई उठली आणि आमची बिल्डिंग हादरली. एकेकाळी आपल्याकडे तो कर होताच: 1953 साली आला, वरच्या टप्प्यात 85 टक्क्यांपर्यंत चढला आणि 1985 साली गेला. पण ज्या अमेरिकेचा दाखला दिला जात होता, तिथे त्या वर्षी 1 कोटी 36 लाख डॉलरपर्यंतच्या इस्टेटीला केंद्राचा हा कर लागत नव्हता. आमची अख्खी बिल्डिंग, पार्किंग आणि वॉचमनच्या खुर्चीसकट, त्या हिशेबात सुटली असती. हे सांगितल्यावर लोकांना हायसं वाटायला हवं होतं. उलट अपमान झाल्यासारखे चेहरे झाले. न्यू जर्सीच्या चुलतभावानं तर व्हिडिओ कॉलवर, “काका, तुमचा ट्रस्ट आहे का?” असंच विचारलं. “देवस्थानाचा ट्रस्टी होतो, पण राजीनामा दिला,” काका म्हणाले.

गोव्याच्या माझ्या सासुरवाडीला ही मजा निम्मीच आहे. तिथल्या कायद्यात मुलं असली तर साधारण अर्ध्या मालमत्तेवर त्यांचा हक्क ठरलेलाच, मर्जी चालते ती उरलेल्या अर्ध्यावर. म्हणून तिथे सासऱ्यांना चहा मिळतो, पण आलं त्यांचं त्यांनी किसायचं.

ज्याला काही मिळायचं असेल त्याला साक्षीदार करू नये, असं वकील सांगतात. म्हणून आमच्या कुळात साक्षीला बोलावणं येणं अशुभ. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते. काकांनी सही केलेली बघायची आणि खाली आपली ठोकायची.

परवा मी काकांकडे देवगड हापूसची पेटी पोचवली. त्यांनी एकेक आंबा हुंगला, पिकायला घातला, पेंढा नीट पसरला. मग प्रेमानं विचारलं,

“उद्या सकाळी मोकळा आहेस ना रे? एक सही हवी होती.”