नापास पाद्रीबाबा

म्हैसूरला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. राजवाडा, चामुंडी, वृंदावन, चंदनाचा साबण आणि जमल्यास टिपूचं श्रीरंगपट्टण. चर्च पाहायचंच तर सेंट फिलोमिना. 1933 साली महाराज कृष्णराज वाडियारांच्या हस्ते पायाभरणी झालेलं, 175 फुटी जोडमनोऱ्यांचं ते चर्च फोटोत फार छान येतं. फिलोमिनाचं नाव रोमने 1961 साली संतांच्या दिनदर्शिकेतून काढलं, पण तिथल्या मेणबत्त्यांपर्यंत ते परिपत्रक अजून पोचलेलं नाही.

श्रीरंगपट्टणाजवळच्या गंजामचं चर्च मात्र कुणाच्या यादीत नसतं. ते एका नापास माणसाचं आहे. शेरा माझा नव्हे, त्याचा स्वतःचा.

आबे द्युब्वा हे फ्रेंच पाद्री 1792 साली हिंदुस्थानात आले. 1799 मध्ये टिपू पडल्यावर श्रीरंगपट्टणच्या विस्कटलेल्या ख्रिस्ती मंडळीची घडी बसवायला त्यांना बोलावलं गेलं. त्यांनी देशी पेहराव केला, मांसाहार सोडला; लोक त्यांना ‘दोड्ड स्वामी’ म्हणू लागले. देवीची लस तेव्हा नवी होती आणि लोक तिला बिचकत. स्वामींनी हजारोंना ती टोचून घ्यायला लावली. हिंदूंच्या चालीरीतींवरचं त्यांचं बाड 1807 साली कंपनी सरकारने 2,000 होन मोजून विकत घेतलं. बायोडेटात घालायला आणखी काय हवं? (पाद्री असल्याने बायोडेटाची वेळ आली नाही, हे सोडा.)

आणि हाच माणूस 1823 साली पुस्तक छापून सांगतो की, इतक्या वर्षांत दोन-तीनशे माणसं ख्रिस्ती केली, पण त्यांतला मनापासून, काही लोभ न धरता आलेला एकही मला आठवत नाही. इथे हे काम होणं नाही.

आमच्या मंडळीत रविवारी साक्षी होतात. प्रभूच्या कृपेने मुलाला इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमध्ये ट्रेनिंगला बोलावलं. प्रभूच्या कृपेने थ्री बीएचकेचा ताबा मिळाला. आम्ही ‘आमेन’ म्हणतो, आणि फ्लॅट जितका मोठा तितकं ते खणखणीत निघतं. एकदा एक निवृत्त बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘या वर्षी काहीच झालं नाही. मुलाची नोकरी होती, तीही गेली. पण सासूबाईंना भरवताना आता माझी चिडचिड होत नाही.’’ एवढंच बोलून बसल्या. आमेन म्हणायचं की सांत्वन करायचं, कुणाला कळेना. कीबोर्डवाल्या पोराने घाईघाईने गाणं सुरू केलं.

विश्वासातलं यश अशा वेळी अडचणीचं होतं. ते दिसत नाही, मोजता येत नाही, आणि त्याचं बिल बहुधा घरच्या बाईच्या नावावर फाटतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. घर चालवायला पत्नी लक्ष्मीबाई होत्याच.

द्युब्वांचंही चुकलं ते इथेच, असं मला वाटतं. बिचाऱ्यांनी डोकी मोजली. लस टोचल्यामुळे जी पोरं देवीतून वाचली, ती त्यांच्या हिशेबात कुठेच नाहीत, कारण ती आपापल्या धर्मात राहिली. गंमत म्हणजे ज्या बाडाने त्यांचं नाव जगभर केलं, त्यातला पुष्कळ मजकूर आधीच्या फादर केर्दू नावाच्या जेझुइटाच्या हस्तलिखितातून उचललेला होता, हे सिल्विया मूर या विदुषीने 1987 साली दाखवून दिलं. म्हणजे कीर्ती उसनी, आणि अपयश तेवढं स्वकष्टार्जित! उचलेगिरीबद्दल त्यांना मोकळं सोडायचं काही कारण नाही. पण धर्माच्या कामात स्वतःच्या नावापुढे शून्य लिहून ते छापून घेणारा माणूस मला दुसरा ठाऊक नाही. आमच्या वार्षिक अहवालात तर आजवर एकही कार्यक्रम ‘उत्साहात पार’ पडल्याशिवाय राहिलेला नाही.

द्युब्वा पॅरिसला परतले आणि 1848 साली वारले. त्याआधी, हे काम होणं नाही असं जगाला सांगणाऱ्या या गृहस्थांना तिथल्या परदेशी मिशनच्या सेमिनरीने चक्क आपलं प्रमुख नेमलं होतं. आमच्याकडे त्यांना साधं खजिनदारही केलं नसतं.