नवागत हिवतापी जंतूंस रक्तपेशीतील कारभाराविषयी सूचना

यकृतातील मुक्काम आटोपून ज्यांनी नुकताच एखाद्या कळंबोलीकराच्या रक्तात प्रवेश मिळवला आहे, आणि तांबड्या पेशीत बिऱ्हाड थाटून ४८ तासांत वंशविस्तार करण्याची ज्यांची मनीषा आहे, अशा फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या दोन्ही घराण्यांतील होतकरू जंतूंच्या हितार्थ हे सूचनापत्र जारी करण्यात येत आहे. स्थळाच्या निवडीबद्दल प्रथम अभिनंदन. कारण सिडकोने वसवलेल्या या नगरात जिथे इमारतीचे काम अर्धवट असेल किंवा गच्चीवरील टाकीचे झाकण गहाळ असेल, तिथे स्वच्छ पाण्यात अंडी घालणाऱ्या ॲनॉफिलीस स्टिफेन्सी या तुमच्या वाहनाची सोय आपसूक होते.

पेशीत शिरताच भोजनास आरंभ करावा. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. ते आपल्या अंगावरील पेशीमुखाने घोटाघोटाने ओढून आम्लधर्मी अन्नपोकळीत जमा करावेत. तिथे प्लास्मेप्सिन विकरांनी पहिला घाव घालावा, फाल्सिपेनांनी तुकडे करावेत आणि फाल्सिलायसिनने ते अधिक बारीक करावेत. (व्हायव्हॅक्स मंडळींनी आपल्या घराण्यातील समकक्ष कारभारी नेमावेत.) पेशीतील ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन याप्रमाणे फस्त करावे, मात्र त्यातून निघणाऱ्या अमिनो आम्लांपैकी थोडीच अंगी लावून बाकीची बाहेर टाकून द्यावीत. हा उधळेपणा नव्हे. तुमच्या वाढत्या देहास जागा व्हावी आणि पेशी मुदतीपूर्वी फुगून फुटू नये, यासाठीच हे अतिभोजन असल्याचे काही विद्वानांचे मत आहे. प्रौढ मनुष्याच्या हिमोग्लोबिनात आयसोल्युसिन मुळीच नसते, सबब तेवढा जिन्नस रक्तद्रवातून मागवावा.

खरी कसोटी मात्र भोजनोत्तर आहे. प्रत्येक रेणूतून चार हीम सुटे होतात. म्हणजे एका बिऱ्हाडात पाऊणशे कोटींच्या घरात लोहयुक्त विष साचते. हे सुटे हीम पडदे कुरतडते आणि त्यातील लोह ऑक्सिजनचे उपद्रवी अंश निर्माण करते. यजमानाजवळ हीम फोडणारे विकर आहे. तुमच्या दप्तरी तशी तजवीज नाही. तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्याप्रमाणे पत्रे आणि सळ्या थप्पीवर थप्पी रचून ठेवतात, त्याप्रमाणे दोन-दोन हीम परस्परांस जखडून त्यांच्या जोड्यांचा काळसर स्फटिक रचावा. यास हिमोझॉइन म्हणतात. तुमच्या साऱ्या पराक्रमाचे मर्म, प्रस्तुत लेखकाच्या मते, भक्षणात नसून या कचऱ्याच्या बंदोबस्तात आहे.

शत्रूने हे ओळखले आहे. क्लोरोक्विन हे औषध अन्नपोकळीच्या आम्लात शिरून तिथेच ठाण मांडते आणि स्फटिकाची वाढ रोखते; मग तुम्ही स्वतःच्याच उच्छिष्टाने मरता. फाल्सिपेरमांपैकी अनेकांनी पोकळीच्या भिंतीवरील एका वाहक प्रथिनात ७६व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन बसवून, जोडीला आणखी काही फेरफार करून, औषध बाहेर हाकलण्याची वाट काढली, तिचे अनुकरण करावे. आर्टेमिसिनिनपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. २०१५ साली ज्या शोधासाठी तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते हे द्रव्य हीममधील लोहाचा स्पर्श होताच चेतते. सबब जो अधिक जेवेल त्याच्या घरात अधिक पेट घेईल. इलाज सुचत नाही. बाल्यावस्थेत, भूक बेताची असताना, निपचित पडून राहणारे काही जण निभावतात, असे कळते.

शेवटी गुप्ततेविषयी. १८८० साली अल्जीरियात लाव्हरान हिमोझॉइन या काळ्या रंगद्रव्याचा माग काढताना तुमच्या पूर्वजांपर्यंत पोहोचला, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरभित्तीवर त्याच द्रव्याने तुमचा पत्ता दिला. रक्ताचा थेंब बोटातून काढून काचपट्टीवर पसरला जातो, हे ध्यानात ठेवून फाल्सिपेरमांनी रंग धरू लागताच अंतर्गत अवयवांतील सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतीस चिकटून राहावे आणि बोटाच्या बाजूस केवळ अंगठीच्या आकाराच्या कोवळ्या, बिनडागी पोरांना पाठवावे. व्हायव्हॅक्सांस ही सवलत फारशी उपलब्ध नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सापडण्याची तयारी ठेवावी.