चार दिव्यांची कंजुषी

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरले, कॅबिनेटमधले रंगीत पट्टे उजळले आणि मॉनिटरवर दोनच शब्द: ‘नो सिग्नल’. पाच मिनिटांत निकालही लागतो. घेणारा म्हणतो, कार्ड डेड आलं. दुकानदार म्हणतो, तुमचा एसएमपीएस हलका आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं, आमच्याकडे तर चालतंय. तपास तिघांपैकी एकानेही केलेला नसतो. पण माझा राग या तिघांवर नाही. नेमकं कुठे अडलंय हे यंत्राला कळत असूनही ज्यांनी त्याला गप्प बसवलं, त्यांच्यावर आहे.

कारण मदरबोर्डला खरंच कळत असतं. विंडोज सुरू होण्याआधी तो प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि शेवटी डिस्क असं एकेक तपासत पुढे जातो. जिथे अडतो, तिथेच थांबतो. काही बोर्डांवर यासाठी चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. व्हीजीएचा दिवा पेटून राहिला तर कार्ड, त्याचा स्लॉट किंवा त्याची वीज तपासायची. डीरॅमचा पेटून राहिला तर कार्डाला हातसुद्धा लावायचा नाही. ते बसवताना धक्का लागून रॅम सैल झालेली असू शकते. चार ठिपके, आणि अर्धा तपास तिथेच संपतो.

आणि हेच दिवे बऱ्याच स्वस्त बोर्डांवरून गायब आहेत. शोभेच्या रंगीत पट्ट्या जोडायची सोय मात्र त्यातल्या कित्येक बोर्डांवर आहे. ज्याच्या घरी दुसरं कार्ड नाही, दुसरा मॉनिटर नाही, ज्याने वर्षभर पैसे साठवून मशीन असेंबल करून घेतलं, त्यालाच निदानाची सोय नाकारायची, हा कसला हिशेब? पूर्वी कॅबिनेटमध्ये एक छोटा स्पीकर असायचा. अवॉर्ड बायोसच्या मशीनने एक लांब आणि दोन आखूड बीप दिले की डिस्प्लेची भानगड आहे, हे गल्लीतल्या रिपेअरवाल्याला बाहेरून ऐकूनच कळायचं. तो स्पीकरही आता खोक्यातून नाहीसा झाला.

कार्डालाही बोलता येतं. एनव्हिडियाच्या कित्येक जुन्या कार्डांना वेगळी पॉवर केबल लावायची राहिली तर ती स्लॉटच्या विजेवर पडद्यावर स्वच्छ सांगायची, की मशीन बंद करा आणि केबल जोडा. स्लॉटमधून 75 वॉटपर्यंत वीज मिळते. एक ओळ दाखवायला तेवढी पुरते. मग आज ही ओळ प्रत्येक कार्डावर सक्तीची का नाही?

तोवर तपास आपल्यालाच करायचा आहे, आणि तो रागाच्या भरात नाही, क्रमाने करायचा. पहिली नजर मॉनिटरच्या केबलवर. नवं कार्ड बसवूनही केबल जुन्याच जागी, मदरबोर्डच्या पोर्टात राहून जाते, हे सर्रास घडतं. ती कार्डाच्या पोर्टात हवी, आणि मॉनिटरच्या मेन्यूत इनपुटही तोच निवडलेला हवा. डिस्प्लेपोर्टवर काही दिसत नसेल तर एचडीएमआय लावून पाहा. काही हलक्या डिस्प्लेपोर्ट केबलींत विसावी पिन आरपार जोडलेली असते. मानकानुसार ती तशी जोडायची नसते. जोडली की मॉनिटरकडची वीज उलटी कार्डात शिरते आणि मशीन सुरू होतानाच अडखळतं.

मग वीज. कार्डाची सहा पिनांची जोडणी 75 वॉटची, आठ पिनांची 150 वॉटची. प्रोसेसरच्या केबलीलाही आठच पिना असतात, पण ती चार अधिक चार अशी फुटते आणि कार्डाची सहा अधिक दोन अशी. बसत नसेल तर जोर लावू नका, केबल चुकली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या काढून दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी सगळ्यांची सारखी नसते. प्लग बसतो आणि हार्डवेअर जळतं. हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

बड्या कार्डांचा सोळा पिनांचा कनेक्टर 600 वॉटपर्यंत वीज वाहतो. 2022 मध्ये आरटीएक्स 4090 आल्यावर तो वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि प्लग पूर्ण न बसणं हे त्याचं एक मोठं कारण निघालं. सुधारित कनेक्टरमध्ये सेन्सच्या बारीक पिना आखूड केल्या. प्लग अर्धवट राहिला तर त्या टेकत नाहीत आणि कार्ड वीज ओढतच नाही. म्हणजे इथे काळा पडदा हे संरक्षण आहे. प्लग शेवटपर्यंत दाबा, डोळ्यांनी खात्री करा.

पडदा केव्हा काळा होतो, हेही नीट पाहा. पहिल्या क्षणापासून काळा असेल तर वीज, स्लॉट किंवा बायोस. कंपनीचा लोगो दिसून विंडोज सुरू होताना काळा झाला तर कार्ड बहुतेक शाबूत आहे, ड्रायव्हर बिघडला आहे. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. पडदा काळा असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा पेटत-विझत असेल तर मशीन आत जिवंत आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. ही युक्ती फुकटची आहे.

सगळं बरोबर असूनही पडदा येत नाही, असंही होतं, आणि इथे दोष सरळ कंपन्यांकडे जातो. नवी कार्डं यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर, धरून बनवलेली असतात. जुन्या बायोसच्या बोर्डाशी त्यांचं जमेलच असं नाही. आरटीएक्स 4060 टीआयसाठी 2023 मध्ये आणि 5060 मालिकेसाठी 2025 मध्ये एनव्हिडियाने कार्डाचंच फर्मवेअर बदलायचं साधन काढलं, कारण काही बोर्डांवर रीस्टार्ट केल्यावर पडदा कोरा राहत होता. उपाय दिला हे चांगलं. पण तो चालवायला पडदा दिसायला हवा! त्यासाठी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा आधार घ्यायचा, तर आपल्याकडे खपणाऱ्या 12400 एफसारख्या प्रोसेसरांत ते नसतंच. इंटेलच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थच तो. हजार-दोन हजार वाचवायला घेतलेल्या प्रोसेसरवाल्याने मग शेजाऱ्याकडे जुनं कार्ड मागत फिरायचं.

म्हणून लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तापकीर गल्ली, मशीन असेंबल करून घेताना बोर्डावर ते चार डीबगचे दिवे आहेत का हे आधी विचारा. नसतील तर दुसरा बोर्ड दाखवा म्हणा. कार्ड वेगळं घेत असाल तर तिथेच दुकानातल्या मशीनवर लावून डिस्प्ले दाखवायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. सेकंडहँड घेताना तर हे सोडूच नका. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात उतरली. त्यांतली कोणती किती झिजली, हे खोक्यावरून कळत नाही.

ऑनलाइन घेतलं असेल तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा, सीरियल नंबरसकट. तपास केलात तो लिहून ठेवा: कोणती केबल, कोणता पोर्ट, कोणता दिवा पेटला, दुसऱ्या मशीनवर काय झालं. हे पुढ्यात ठेवलं की ‘तुमचा एसएमपीएस हलका आहे’ हे उत्तर पुरत नाही. तरीही टोलवाटोलवी झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही हललं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो. विकणारा दिल्लीत बसलेला असला तरी. आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्या दाव्याला फी नाही.