तबकडीसान

सिनेमाच्या डिस्कला जपानी रसिक 'एनबान' म्हणतात. एनबान म्हणजे तबकडी, आणि आकाशातून येते ती उडती तबकडीही एनबानच. मराठीतही एकाच शब्दात दोन्ही भागतं. म्हणून ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांचं नाव मी मनातल्या मनात तबकडीसान ठेवलं, ते दोन्ही अर्थांनी. टोकियोतल्या दर ऑफिसात असे एक असतातच. करडा सूट, मान खाली, मीटिंगमध्ये एकच शब्द : "हाय", म्हणजे हो.

असे हे तबकडीसान 7 मार्च 2023 च्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला खुर्चीवरून उठले. साहेब अजून बसलेले! पंगतीत वडीलधाऱ्यांच्या आधी पानावरून उठावं, तसला हा प्रकार. अख्खा मजला बघत राहिला.

कारण दुसऱ्या दिवशी, 8 मार्चला, 'शिन एव्हांगेलियन' या शेवटच्या चित्रपटाची डिस्क निघणार होती. मग मंगळवारीच घाई का? तर जपानात माल दुकानात आदल्या दिवशीच येऊन पडतो, आणि आदल्या संध्याकाळी तो हस्तगत करण्याला 'फुरागे' म्हणतात. तारखेच्या दिवशी काय, कोणीही घेईल.

या गृहस्थांची गोष्ट 4 ऑक्टोबर 1995 ला सुरू होते. त्या दिवशी टीव्ही टोकियोवर हिदेआकी आन्नो यांची 'एव्हांगेलियन' ही मालिका सुरू झाली. प्रचंड यंत्रमानवात बसून जग वाचवायला लावलेली, मनाने पार मोडलेली पोरं. नायक शिंजी 14 वर्षांचा, आणि तबकडीसानही तेव्हा बरोब्बर 14 वर्षांचे. पुढच्या मार्चमध्ये 26 भाग झाले आणि मालिका संपली. संपली म्हणजे काय, तर शेवटच्या दोन भागांत कथा बाजूलाच राहिली, कॅमेरा नायकाच्या डोक्यात शिरला आणि अखेर सगळ्यांनी त्याच्याभोवती उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोक संतापले. 1997 साली चित्रपटातून दुसरा शेवट आला. 2007 पासून नव्या चित्रपटांची चौकडी सुरू झाली. तिचा चौथा आणि शेवटचा भाग लांबत लांबत, मध्ये महामारीने आणखी लांबून, 8 मार्च 2021 ला सोमवारी प्रदर्शित झाला. तबकडीसानांनी रजा टाकली. दहा अब्ज येनांच्या वर धंदा झाला, त्यातला बराचसा एकट्या तबकडीसानांचा असावा असा मला संशय आहे. चित्रपटातली पोरं एका शापामुळे अजून 14 वर्षांचीच आहेत. तबकडीसानांना हा शाप बाधला नाही. त्यांचे केस गेले.

आता या चित्रपटांच्या नावांतल्या आकड्यांचं बघा. थिएटरात चित्रपट आला तो 3.0+1.0. तीन महिन्यांनी थोडी डागडुजी करून 3.0+1.01. डिस्कवर 3.0+1.11. हा घराण्याचाच रिवाज आहे. पहिल्या भागाची डीव्हीडी 1.01 म्हणून 2008 मध्ये आली, पुढच्या वर्षी ब्लू-रे आली ती 1.11. तबकडीसानांकडे दोन्ही आहेत. दुसऱ्या भागाच्या, म्हणजे 2.22 च्या पहिल्या खेपेत थिएटरातल्या खऱ्या फिल्मचा कापलेला तुकडा मिळायचा. कुणाच्या वाट्याला कुठली चौकट हे दैवाधीन. कुणाला नायिकेचा चेहरा आला. तबकडीसानांना नुसतं आभाळ आलं. ते त्यांनी फ्रेम करून लावलंय.

"पण हा शेवटचा भाग 2021 च्या ऑगस्टपासून प्राइमवर आहे की," मी म्हणालो. "घरबसल्या दिसतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू देव सगळीकडेच आहे, मग पंढरपूरला कशाला जायचं, असं मी एखाद्या वारकऱ्याला विचारलं होतं. तेही म्हणा वारी करून आलेत. शेवटचा प्रसंग आन्नोंच्या गावच्या, यामागुची प्रांतातल्या उबे-शिनकावा स्टेशनवर घडतो. तबकडीसान शिनकानसेनने शिन-यामागुचीपर्यंत गेले, तिथून छोट्या गाडीने उबेला, आणि फलाटावर आपल्या प्लॅस्टिकच्या पात्रांना रांगेने उभं करून फोटो काढून परत आले.

बुधवारी सकाळी त्यांच्या पिशवीत तीन डबे होते. एक पाहायला, एक जपायला आणि एक धर्मप्रसाराला. ही त्रिसूत्री त्यांची एकट्याची नाही, जपानी षौकिनांत ती रूढच आहे. शिवाय दर दुकानाची भेटवस्तू वेगळी : कुठे फाइल, कुठे चित्र, कुठे उभा करायचा बाहुला. साबणावर बादली फुकट म्हणून आपल्याकडे कोणी तीन दुकानांतून तीन साबण आणत नाही. इथे आणतात, आणि साबण वापरत नाहीत.

"पाहिलात का मग?" मी आठवड्याने विचारलं.

"हो. प्राइमवर."

"आणि पाहायचा डबा?"

"तो उघडला तर पाहायचा कसा राहील?"

धर्मप्रसाराचा डबा माझ्या हाती पडला. माझ्याकडे ब्लू-रे प्लेअर नव्हता. रविवारी दुपारी निशी-कासाईच्या माझ्या दोन खोल्यांत तबकडीसान स्वतःचा प्लेअर काखोटीला मारून हजर. बायकोने पोहे केले. 155 मिनिटं ते गुडघ्यांवर बसून होते, पोहे निवले. संपल्यावर मला वाटलं, सुटलो. पण याच डिस्कमध्ये तिसऱ्या भागाच्या आधीची एक नवी छोटी गोष्ट घातलेली आहे. तीही पाहिली.

मग ते निघाले, म्हणजे दारात उभे राहिले. पाऊण तास. मी त्यांना सांगितलं, की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ऐकून त्यांचा चेहरा उजळला. आत जाऊन त्यांनी डबा आणला आणि शीर्षकाच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे संगीताच्या लिपीतली एक खूण आहे : दोन टिंबं, दोन रेघा. पुन्हा पहिल्यापासून वाजवा, असा तिचा अर्थ. सगळ्या एव्हांगेलियनांचा निरोप म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्या चित्रपटाच्या नावातच ही खूण.

"येतो," तबकडीसान मराठीत म्हणाले आणि कमरेतून वाकले.

"अहो, प्लेअर राहिला तुमचा."

"राहू दे. तुम्ही आधीचे तीन पाहिलेच नाहीत. पुढच्या रविवारी 1.01, त्याच्या पुढच्या रविवारी 1.11. फरक कळला पाहिजे."