बेल वाजवा, फूल मिळेल

पहाटे सव्वापाचला आमच्या कुंपणापाशी काठी खडखडते. काठीला पुढे तारेची आकडी, हातात प्लास्टिकची पिशवी, पायात फिरायला जायचे बूट. आकडी जास्वंदीच्या शेंड्यात अडकते, फांदी खाली वाकते, कट् असा आवाज होतो आणि पिशवी पुढच्या कुंपणाकडे चालू लागते. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत तळमजल्यावर राहून बाग करणाऱ्या कुणालाही विचारा. हा आवाज झोपेतही ओळखता येतो.

याला चोरी म्हणतात. ‘देवासाठीच तर नेतोय’ हे उत्तर मी आता ऐकून घेणार नाही.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, मग गळून कुंडीत पडतं. त्या एका दिवसामागे किती दिवस असतात ते सांगते. मटारएवढी कळी धरली की पहिली भीती मिलीबगची, शेतकरी ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात त्या किडीची. देठाशी कापूस चिकटल्यासारखा दिसतो. त्याआधी खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसते, कारण या किडीच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या तिची राखण करतात. मग जुना टूथब्रश घेऊन बसायचं आणि एकेक देठ हलक्या हाताने घासायचा. पांढरं मेणचट आवरण निघालं नाही तर फवारा नुसता ओघळून जातो. ऊन उतरल्यावर लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली नीमतेल, दोन-चार थेंब पातळ साबण, आणि पानांच्या खालून फवारणी. आठवड्याने पुन्हा तेच. एवढं करून कितीतरी कळ्या पिवळ्या पडतात, बोट लागलं तरी गळतात. जी तगते तिला मी रोज चहाचा कप घेऊन बघून येते. हिरव्या पाकळीतून लाल टोक डोकावलं की उद्याचं फूल नक्की.

आणि उद्या पहाटे आकडी.

फूल गेल्याचं एकवेळ सोसता येतं. फांदीचं काय? जास्वंदीला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत, एकामागून एक. आकडीने फुलाबरोबर वीतभर शेंडा तुटतो तेव्हा पुढच्या चार-पाच कळ्याही जातात, आणि सालपट खाली ओरबाडलं जातं ते वेगळंच. हाताने देठ खुडला तर झाडाला कळतही नाही. पण हात पोचायला आत यावं लागतं, आणि आत यायला बेल वाजवावी लागते.

देवाला चाफ्या-कमळासारखे अपवाद सोडले तर कळ्या वाहू नयेत, हा संकेत आपल्या घराघरांत आहे. हे लोक कळ्याच नेतात, कारण उमलायला आलेली जास्वंद तोडली तरी ताटलीत उमलते. प्राजक्ताला तर तोडावंही लागत नाही. तो पहाटे आपणहून सडा घालतो आणि जमिनीवर पडलेलं हे फूल देवाला चालतं. तरी त्याच्या फांद्या गदागदा हलवणारे मी पाहिले आहेत. दहा मिनिटं थांबवत नाही?

गणपतीत तर कहर होतो. एकवीस पत्रींत डाळिंबाचं एक पान लागतं. एक. दोन वर्षं वाढवलेल्या माझ्या रोपाची अख्खी बाजू गेल्या भाद्रपदात सोलून नेली. त्या फांदीवर तीन फुलं होती, त्यांतलं एक फळ धरू लागलं होतं.

यात आणखी एक समजूत मिसळलेली असते, चोरून आणलेला मनी प्लांटच वाढतो म्हणे. मनी प्लांट कसाही वाढतो. पेरासकट तुकडा बाटलीतल्या पाण्यात ठेवला की दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. बाटलीला मालक विचारायची सवय नसते.

राग येतो तो एवढ्यासाठी, की बाग करणाऱ्यांइतका देणारा माणूस शोधून सापडणार नाही. आमच्या गल्लीत पाऊस लागला की पिशव्यांची ये-जा सुरू होते. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी, दुधाच्या पिशवीत मातीसकट गवती चहा, औषधाच्या पुडीत गोकर्णाचं बी. समोरच्या काकूंनी दिलेली पिवळी जास्वंद आता या गल्लीत सहा घरी आहे.

अबोलीचं तर सांगायलाच हवं. सासूबाईंनी गुहागरहून रोप आणलं होतं, रतन अबोलीचं. अबोलीची वाळलेली कणसं भिजली की टक् टक् फुटतात आणि बी उडतं. पहिल्या सरीला कुंड्यांजवळ उभं राहिलं तर ऐकू येतं, गालावर एखादं बी लागतंही. मला या आवाजाइतकं बागेतलं दुसरं काहीच आवडत नाही. त्या बियांतून आलेलं एक रोप वॉचमनच्या बायकोला दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाणीकपात आली, आम्ही आठवडाभर गावाला गेलो आणि परतलो तेव्हा सासूबाईंची अबोली काडी होऊन उभी होती. सासूबाई आता नाहीत. मी कुंडी धरून रडले. दुसऱ्या दिवशी ती बाई तेलाच्या डब्यात लावलेलं रोप घेऊन दारात आली. ‘तुमचंच हाय ताई,’ म्हणाली. तिनेही बेल वाजवली होती.

पहाटेच्या आजोबांना, त्यांच्या मागून येणाऱ्या दोन काकूंना आणि स्कूटर सुरूच ठेवून फुलं तोडणाऱ्या त्या तरुणाला सांगते, आम्ही साडेसहाला उठलेलो असतो. पूजेला रोज दोन फुलं माझ्या झाडाची घेऊन जा, मी स्वतः खुडून देईन. पाऊस लागला की मी जास्वंद छाटते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या, प्रत्येकीला तीन-चार डोळे, खालची पानं काढून ठेवलेल्या असतील. संध्याकाळी या. ओला कागद घरात आहे, पिशवी तेवढी तुमची आणा.